पन्हा लुगड्याचा, माप पलंगाचं

गोधडी ही पैसे देऊन करून घ्यायची वस्तू आहे असं म्हटलं, की आजही काही मंडळींच्या कपाळाला आठी पडते. गोधडी म्हणजे आजीनं दुपारच्या निवांत वेळी ओसरीवर बसून नातवासाठी शिवलेली माया, तिला कसली आली मजुरी, असा त्यांचा सूर असतो. मी गेली वीस वर्षं लोकांच्या मागणीप्रमाणे गोधड्या शिवून देते आणि त्यावर घराचा निम्मा खर्च चालवते. त्यामुळे हा सूर मला ओळखीचा आहे. पण त्यात तथ्य फारसं नाही. माझ्या लहानपणी कऱ्हाडला उन्हाळा लागला, की गोधड्या शिवणाऱ्या बायका दारावरून जायच्या. आई जुनेरांचं गाठोडं त्यांच्यापुढे आणून ठेवायची. गोधडी किती पदरी, काठ कोणत्या रंगाचा, हे बोलून ठरायचं. मजुरीवरून घासाघीस तर व्हायचीच. मग दोघी-तिघी अंगणात बैठक मारायच्या आणि दोन-चार दिवसांत गोधडी हातावेगळी व्हायची. रोख पैसे, वर थोडं धान्य आणि एखादं धडसं लुगडं घेऊन त्या पुढच्या आळीला जायच्या. ऑर्डर देऊन गोधडी करून घेणं आपल्याकडे असं जुनंच आहे.

बदललंय ते माप. पूर्वी गोधडीचं माप लुगडं ठरवायचं. लुगड्याचा पन्हा पंचेचाळीस ते पन्नास इंच, म्हणून गोधडीची रुंदीही तेवढीच. नऊ वार म्हणजे ३२४ इंच. ते चार पदरी घडी घालून अंथरलं, की लांबी ८१ इंच भरते. उंच माणसाचेही पाय झाकतात. या सगळ्यात कात्रीचं काम जवळजवळ नाहीच. लुगडं अख्खंच्या अख्खं आत जायचं, वरून फाटलेल्या जागी ठिगळं बसायची, आणि त्या ठिगळांतून आपोआप जी नक्षी व्हायची तीच गोधडीची नक्षी. आता माप पलंग ठरवतो आणि रंग भिंत ठरवते. ‘किंग साइज’ हे शब्द फोनवर ऐकले, की मी आधी कागद-पेन्सिल पुढे ओढते. कारण एवढ्या रुंदीला कापड जोडावं लागतं, जोडायचं म्हणजे कापावं लागतं, आणि कापणं हा आमच्या धंद्यातला नाजूक विषय आहे.

अलीकडे तर मागणी असते ती ‘मॉडर्न क्विल्ट’ची. म्हणजे कसं, तर बराचसा भाग मोकळा, एकरंगी, बहुधा पांढरट. त्यात चार-दोन गडद पट्ट्या, त्याही मुद्दाम एका बाजूला कललेल्या. फुलं नकोत, ठिपके नकोत. पहिल्यांदा अशी मागणी आली तेव्हा मला वाटलं, या बाईंना गोधडी नको, चादर हवी आहे! पण मग मी त्याची थोडी माहिती काढली आणि मजा वाटली. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयानं जुन्या अमेरिकन गोधड्या भिंतीवर चित्रांसारख्या टांगल्या, तेव्हा तिथल्या कलाजाणत्यांना त्यांत आधुनिक चित्रकला दिसली. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या संग्रहालयात अलाबामातल्या जीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णी बायकांच्या गोधड्यांचं प्रदर्शन भरलं. ठळक पट्टे, वाकडे चौकोन, मोठे मोकळे रंग. या धाटणीच्या हौशी मंडळींचा ‘मॉडर्न क्विल्ट गिल्ड’ २००९ मध्ये अमेरिकेत निघाला आणि हे वारं इंटरनेटवरून आपल्या दिवाणखान्यांपर्यंत आलं.

आता गंमत बघा. जीज बेंडच्या त्या बायका शेतमजुरी करणाऱ्या. गोधडी शिवायची ती फाटक्या पँटी आणि कामाच्या शर्टांतून, कारण दुसरं कापडच नव्हतं. त्यांतली मिसूरी पेटवे हिची १९४२ ची गोधडी प्रसिद्ध आहे. नवरा वारला तेव्हा तिनं त्याचे शेतात वापरायचे कपडे उसवले, त्यांची गोधडी केली आणि ती पांघरली. ही हकिगत तिच्या मुलीनं पुढे सांगितली. आज जिला आपण ‘मॉडर्न’ म्हणतो तिच्या मुळाशी अशीही जुनेरं आहेत.

हे एवढं लांबण लावलं, कारण मागच्या वर्षी असंच एक काम माझ्याकडे आलं.

ठाण्याच्या एक बाई. वय पन्नाशीचं, घरांच्या अंतर्गत सजावटीचा व्यवसाय. आई जाऊन दीड वर्ष झालेलं. आईच्या साड्यांतून डबलबेडसाठी मॉडर्न क्विल्ट करून हवी होती. त्यांनी स्वतः काढलेलं चित्रही सोबत होतं: पांढरट जमीन आणि तिला तिरकी छेदत जाणारी एकच रुंद काळी पट्टी. चित्र खरोखर देखणं होतं. साड्यांचं गाठोडं ठेवून, निम्मे पैसे आगाऊ देऊन त्या गेल्या.

गाठोडं आलं की माझं पहिलं काम धुण्याचं. सगळं कापड एकदा पाण्यातून काढायचं आणि ओल्या पांढऱ्या फडक्यानं पुसून रंग जातो का ते पाहायचं. नायलॉन आणि जॉर्जेट बाजूला काढायचं. ते सुतीबरोबर नांदत नाही. सुईखालून निसटतं आणि इस्त्रीला आक्रसतं. तर मी घड्या उलगडत होते आणि एका काळ्या इरकली लुगड्याच्या घडीतून वहीचा कागद पडला. शाळामास्तरांचं असतं तसं ठसठशीत अक्षर. अकरा साड्यांची अनुक्रमे यादी, प्रत्येकीपुढे साल आणि एखादा शब्द. ‘नारायणपेठ, लेकीच्या बारशाला.’ ‘नायलॉन, फुलांची, पगाराच्या फरकातून.’ चौथ्या ओळीवर होतं: ‘इरकली, काळे, तांबडा काठ, १९७४. कापू नये.’

‘कापू नये’ खाली दोन रेघा मारलेल्या होत्या.

चित्रातली काळी पट्टी याच लुगड्याची व्हायची होती. मी कात्री कपाटात ठेवली आणि ठाण्याला फोन केला. बाई क्षणभर गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, “पण ताई, मी बाबांना विचारलं होतं. ते म्हणाले, ने.” मी म्हटलं, “त्यांना घेऊन या. मला त्यांच्याशी बोलल्याशिवाय कापता येणार नाही.” यात मोठेपणा काही नाही. कापड एकदा कापलं की कोणत्याही मजुरीत ते परत जोडून मिळत नाही, आणि घरातल्या दोन माणसांचं एकमत झालेलं नसताना तिसरीनं कात्री चालवू नये, एवढा व्यवहार मी पाळते.

रविवारी दोघं आले. वडील ऐंशीच्या पुढचे, सांगलीकडच्या खेड्यात प्राथमिक शिक्षक होते. आल्या आल्या त्यांनी माझ्याकडच्या गोधड्या उलटसुलट करून पाहिल्या, टाके पाहिले. मी कागद पुढे ठेवला तेव्हा लेक म्हणाली, “बाबा, तुम्ही मला का नाही सांगितलंत?”

“तू इतकी उत्साहात होतीस,” ते म्हणाले. “म्हटलं, शिवणाऱ्या बाई वाचतील.”

लेकीचे डोळे भरून आले. थोडा रागही होता त्यात. तिचंही खरं होतं. आईच्या साड्या दीड वर्ष कपाटात पडून होत्या. नेसायच्या झाल्या नसत्या आणि कुणाला देववतही नव्हत्या. त्यांचं काही तरी करायचं तिनं मनावर घेतलं, हे काही थोडं नव्हे. वडिलांनीही गोधडीला ना म्हटली नव्हती. बाकी दहा तुम्ही काय वाटेल ते करा, हे एक अख्खं राहू द्या, एवढंच त्यांचं म्हणणं. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही दोघींनी विचारलं नाही.

अशा वेळी नवं काही शोधून काढावं लागत नाही. जुन्या गोधडीत लुगडं अख्खंच तर जातं! मी म्हटलं, हे लुगडं चार पदरी घडी घालून पोटात घालू. वरची काळी पट्टी दुसऱ्या सुती कापडाची करू. पण मग रुंदी लुगड्याच्या पन्ह्याएवढीच मिळेल. ४८ बाय ८१ इंच. डबलबेड विसरा.

“आत घातलं तर ते दिसणार कसं?” लेकीनं विचारलं.

“नाही दिसलं तरी चालेल,” वडील म्हणाले.

बाईंनी आठवडाभर वेळ मागितला. सोमवारी निरोप आला, करा.

मग हिशोब. तो मास्तरांनी मागितलाच होता आणि तुमच्यापुढेही मांडते, कारण “बाजारात दोन हजारांत मिळते की हो” हे वाक्य मी आठवड्यातून एकदा ऐकते. धावदोऱ्याच्या दोन ओळींत अर्धा इंच अंतर धरलं, तर ४८ बाय ८१ च्या गोधडीत ७,७७६ इंच, म्हणजे सुमारे १९७ मीटर ओळ शिवावी लागते. इंचाला चार टाके म्हणजे एकतीस हजारांवर टाके. सात थरांतून मिनिटाला दहा टाके पडले तरी बावन्न तास. त्यात दोरा ओवणं, कच्चे टाके घालणं, वरचा भाग जोडणं धरून पंचाहत्तर तास. तासाला १२० रुपयांप्रमाणे ९,००० आणि कापड-दोऱ्याचे १,४००. मास्तरांनी पेन्सिलीनं आकडेमोड पडताळली आणि म्हणाले, “बरोबर आहे. तास कमी धरलेत.” बाजारातली दोन हजारांची गोधडी मशीनवर शिवलेली असते, किंवा ती शिवणाऱ्या बाईला तासाला किती पडले ते कुणी विचारलेलं नसतं.

कामात अडचण आली ती वेगळीच. पांढरट कापडाखाली काळं लुगडं अंथरलं तर वरून करडी झाक मारते. पातळ मलमल तर लगेच चुगली करते. म्हणून मध्ये जाड पांढऱ्या खादीचा एक थर घातला. चार पदर लुगड्याचे, खाली अस्तर, खादी आणि वरचा भाग, असे सात थर झाले. पदर उशाकडे येईल अशी घडी घातली. जमिनीवर अंथरून, कडेला वजनं ठेवून, हातभर अंतरावर कच्चे टाके घातले. बाईंच्या मनात मशीनच्या सरळ टिपा होत्या, दोन-दोन इंचांवर. ते मात्र मी मानलं नाही. घडी घातलेलं जुनं लुगडं एवढ्या अंतरात आत सरकतं आणि दोन धुण्यांत त्याचा गोळा होतो. परदेशी पुस्तकं मधून बाहेर शिवत जा म्हणतात. आपल्याकडे काठापासून सुरुवात करून चौकोनात चौकोन घेत मध्यापर्यंत यायचं असतं. मी तसंच शिवलं. इरकलीच्या रेशमी पदराशी सुई अडायची. अंगुस्तान घालूनही बोटाला घट्टा पडला. जवळजवळ तीन आठवडे लागले. शिवता शिवता गोधडी दोन्हीकडून इंच-दीड इंच आटली. ते धरलेलंच असतं.

न्यायला दोघं आले. बाईंनी गोधडी पसरून पाहिली. चौकोनात चौकोन गेलेल्या ओळींकडे बोट करून म्हणाल्या, “हे तर माझ्या चित्रापेक्षा मॉडर्न झालंय!” मी हसले. माझ्या आजीच्या गोधड्या अशाच असत.

मास्तरांनी न सांगता उशाकडची बाजू शोधली. पदराचं रेशीम तिथं जरा जाड लागतं. त्यावर त्यांनी दोन-तीनदा तळवा फिरवला आणि मला म्हणाले, “यादी द्या.”

उरलेल्या तुकड्यांची पिशवी मी गिऱ्हाइकाला परत देते, अगदी चिंधीसुद्धा. (जीज बेंडजवळ १९६६ मध्ये बायकांची एक सहकारी संस्था निघाली होती. तिला सीअर्स कंपनीचं कॉर्डरॉयच्या अभ्र्यांचं काम मिळालं. त्यातली उरलीसुरली कापडं बायकांनी घरी नेली आणि त्यांच्या गोधड्या पुढे संग्रहालयात टांगल्या गेल्या. उरलेल्या कापडाचं पुढे काय होईल, सांगता येत नाही.) मास्तर पिशवीतला एकेक तुकडा काढून यादीशी ताडून पाहत होते आणि नंबरापुढे बरोबरची खूण करत होते. चौथ्या ओळीशी थांबले. ‘कापू नये’ च्या पुढे त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं, ‘आत आहे.’ कागद घडी घालून खिशात ठेवला.

बाईंनी उरलेले ५,२०० रुपये दिले आणि धुवायची कशी ते विचारलं. मी म्हटलं, मशीनमध्ये नको, गार पाण्यात, हातानं, पिळायची नाही. एवढी ओली गोधडी एकट्यानं उचलत नाही, दोघांनी धरायची.

“वाळवायची उन्हात?” मास्तरांनी विचारलं.

“सावलीत. पालथी घालून.”