चाळीस टक्क्यांच्या अलीकडे कोण?

‘चाळीस टक्क्यांचं सर्टिफिकेट आहे? नाही? मग रायटर मिळणार नाही.’ परीक्षेच्या फॉर्मच्या दिवसांत ऑफिसच्या खिडकीवर असं उत्तर मिळालेला एखादा मित्र तुमच्याही वर्गात असेल. बहुतेक जण हे ऐकून गुपचूप मागे फिरतात. मात्र कायदा काय म्हणतो, हे एकदा बघाच.

आधी थोडं मागे जाऊ. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे फक्त सात प्रकार होते. त्यात डिस्लेक्सिया नव्हता आणि ऑटिझमही नव्हता. म्हणजे अक्षरं उलटसुलट वाचणारं, पाढे डोक्यात न राहणारं मूल या कायद्याच्या यादीत कुठेच बसत नव्हतं. शाळेच्या भाषेत ते एकतर ‘ढ’, नाहीतर ‘आळशी’. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ही यादी २१ वर नेली. अध्ययन अक्षमता, ऑटिझम, थॅलेसेमिया, अ‍ॅसिड हल्ल्याच्या पीडित व्यक्ती, सगळे त्यात आले.

यादी वाढली हे चांगलंच झालं, पण खरा बदल व्याख्येत झाला. या कायद्यानुसार दिव्यांग व्यक्ती म्हणजे जिला दीर्घकाळ टिकणारी शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा ज्ञानेंद्रियांची कमतरता आहे आणि समोरच्या अडथळ्यांमुळे जिला इतरांच्या बरोबरीने समाजात सहभागी होता येत नाही. यातला ‘अडथळ्यांमुळे’ हा शब्द महत्त्वाचा. व्हीलचेअरवरच्या मुलीचा वर्ग तळमजल्यावर असेल तर ती वेळेवर लेक्चरला बसते. तोच वर्ग तिसऱ्या मजल्यावर गेला आणि लिफ्ट बंद असली की तिचं लेक्चर बुडतं. मुलगी तीच, पाय तेच. बदललं ते कॉलेज!

मग हे चाळीस टक्के आले कुठून? कायद्यात ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ अशी दुसरी, वेगळी व्याख्या आहे. ज्यांचं दिव्यांगत्व किमान ४० टक्के असल्याचं प्रमाणपत्र आहे, ते यात मोडतात. ठरावीक लाभ त्यांच्यासाठी राखलेले आहेत. ६ ते १८ वर्षं वयापर्यंत मोफत शिक्षण, सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा, प्रवेशासाठी वयात ५ वर्षांची सवलत. इथे चाळीसची अट आहे आणि ती मान्य.

गडबड होते ती पुढे. ही अट सरसकट प्रत्येक हक्काला लावली जाते. रायटर हवा? चाळीस. जादा वेळ हवा? चाळीस. शाळा-कॉलेजांनी विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून द्यावी, असं कायद्याचं १६वं कलम सांगतं. त्यात ‘लक्षणीय’ हा शब्दच नाही.

हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. रायटर्स क्रॅम्प, म्हणजे लिहिताना हात आखडण्याचा त्रास असलेल्या एका उमेदवाराला यूपीएससीने रायटर नाकारला होता, कारण तो चाळीसच्या निकषात बसत नव्हता. फेब्रुवारी २०२१मध्ये न्यायालयाने निकाल त्याच्या बाजूने दिला. रायटरची सोय फक्त चाळीस टक्केवाल्यांपुरती ठेवता येणार नाही, असं ठणकावलं आणि सरकारला नियम करायला सांगितलं. ऑगस्ट २०२२मध्ये ते आले. ४० टक्क्यांपेक्षा कमी दिव्यांगत्व आहे, पण लिहिण्यात अडचण आहे, अशा उमेदवारांनाही सरकारी आरोग्य संस्थेतल्या सक्षम अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर रायटर आणि तासाला किमान २० मिनिटं जादा मिळू शकतात.

अर्थात, कागदावर हक्क असला म्हणजे तो हातात पडतोच असं नाही. २०२१च्या नीटमध्ये डिसग्राफिया असलेल्या एका विद्यार्थिनीकडे ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र होतं, तरी तीन तासांच्या पेपरला तिला हक्काचा जादा तास मिळाला नाही. केंद्रावरच्या लोकांना नियमच नीट ठाऊक नव्हता. त्यासाठीही तिला सर्वोच्च न्यायालयाचं दार ठोठवावं लागलं.

प्रत्येकाला कोर्टात जाणं जमत नाही. म्हणून तुमच्या मित्राला ‘नाही’ ऐकायला मिळालं, तर त्याच्यासोबत खिडकीवर जा. तोंडी बोलू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. नकारही लेखी मागा, कारणासकट. अर्जात २०१६च्या कायद्याचा आणि सध्या लागू असलेल्या सूचनांचा उल्लेख करा. तरीही काम झालं नाही, तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते.

आणि ‘याला तर काहीच झालेलं दिसत नाही, उगाच जादा वेळ लाटतोय’ असं कट्ट्यावर कोणी म्हणालं, तर तिथेच टोका. न दिसणारा अडथळाही अडथळाच असतो, आणि कायद्याने तो मानला आहे.