लेकरांसह युरोपची रेल्वेयात्रा : नाशिकच्या घरातले नियोजन

मार्चअखेरचे हिशेब, त्यापाठोपाठ गुढीपाडवा, मग अक्षय्य तृतीया. नाशिकच्या सराफ बाजारातील किंवा मेनरोडवरील कोणत्याही पेढीला या दिवसांत मान वर करण्यास सवड नसते. वैशाखात लग्नसराई ऐन भरात असते, आणि आषाढात चातुर्मास सुरू झाला की दूरचा प्रवास टाळण्याची आपल्या अनेक घरांतील रीत आहे. मुलांच्या शाळा जूनच्या मध्यास उघडतात. या सर्वांतून उरतो तो मे महिन्याचा शेवट आणि जूनचा पहिला पंधरवडा. व्यापारी घराला मुलाबाळांसह लांबच्या प्रवासासाठी एवढीच फट मिळते, आणि युरोपला जायचे तर तिची तयारी किमान पाच महिने आधी, म्हणजे पौष-माघातच सुरू करावी लागते.

एरवी आपल्या समाजातील कुटुंबे स्वयंपाकी महाराज बरोबर घेणाऱ्या सहलीने जातात. त्यात जेवणाची चिंता मिटते, हा त्या सहलींचा मोठा गुण. परंतु तीन वर्षांचे मूल रोज पहाटे सहाला उठवून बसमध्ये घालायचे, चाळीस माणसांच्या घड्याळाप्रमाणे पळवायचे आणि दहा दिवसांत सात शहरे ‘उरकायची’, यात मुलांच्या वाट्याला बसची काच आणि आईच्या वाट्याला ओकारीच्या पिशव्या येतात. आगगाडीत मूल चालू शकते, स्वच्छतागृह जवळ असते आणि समोर टेबल असते. स्वतःच्या बेताने जायचे ठरवले तर प्रश्न एकच उरतो : घरातील नियम पाळून हे जमेल काय? आजी बरोबर असतील तर हा प्रश्न केवळ सोयीचा राहत नाही. त्यांचा चौविहार मोडणार असेल तर त्या येणारच नाहीत, आणि त्या येणार नसतील तर पुष्कळ घरांत बेतच रद्द होतो.

समजा, घरात नवरा-बायको, आजी, सात वर्षांची मुलगी व तीन वर्षांचा मुलगा अशी पाच माणसे आहेत आणि हाताशी बारा रात्री आहेत. चार मुक्कामांहून अधिक मुक्काम करू नयेत. दोन रात्री बेल्जियममधील अँटवर्प, तीन पॅरिस, पाच स्वित्झर्लंडमधील इंटरलाकेन आणि दोन व्हेनिस. जाताना ब्रुसेल्सला उतरावे, येताना इटलीतून निघावे. पुन्हा पहिल्याच शहरी परतण्यात एक अख्खा दिवस वाया जातो. मुक्काम बदलण्याचा दिवस हा प्रवासाचाच दिवस समजावा. त्या दिवशी दुसरे काही ‘पाहायचे’ ठेवू नये.

अँटवर्पची निवड मुद्दाम केली आहे. हिऱ्यांच्या व्यापारामुळे तेथे गुजरातमधील, विशेषतः पालनपूरकडील, जैन कुटुंबे गेली अनेक दशके स्थायिक आहेत, आणि शहराच्या विल्राइक भागात त्यांनी उभारलेले संगमरवरी जिनमंदिर आहे. दर्शनाच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात. विमानाच्या थकव्यानंतर पहिल्या सकाळी आजींना दर्शन घडले की पुढील दहा दिवसांची निम्मी काळजी सरते. मुलांसाठी तेथील रेल्वे स्थानक हीच गंमत. १९०५ साली उघडलेल्या त्या घुमटाकार इमारतीत गाड्या तीन वेगवेगळ्या मजल्यांवर लागतात. सरकत्या जिन्यांवरून वरखाली करण्यात मुलांचा तास सहज जातो, आणि त्याला तिकीट नाही. हिऱ्यांचा बाजार स्थानकाला लागूनच आहे. सराफाच्या घरातील कर्त्या पुरुषाला तेथून हलवणे हे मात्र मुलांना आवरण्याइतकेच अवघड.

आता व्हिसा. शेंगेन गटात २९ देश आहेत व एकाच व्हिसावर ते सारे पाहता येतात; पण अर्ज ज्या देशात सर्वाधिक रात्री त्याच देशाकडे करावा लागतो. वरील बेतात पाच रात्री स्वित्झर्लंडच्या आहेत, म्हणून अर्ज स्विस. रात्री सारख्या असतील तर प्रथम प्रवेशाचा देश. अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो. निकालास साधारण पंधरा दिवस व क्वचित पंचेचाळीस दिवसही लागतात, शिवाय उन्हाळ्यात भेटीच्या वेळाच मिळत नाहीत. जून २०२४ पासून शुल्क प्रौढांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५ युरो व सहाखालील मुलांना काही नाही. म्हणजे या कुटुंबाचे ३१५ युरो, वर केंद्राचा सेवाआकार. बारा वर्षांखालील मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत. मुलांच्या अर्जांवर मात्र आई-वडील दोघांच्या सह्या लागतात. प्रत्येकाचा किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा हवा. लहान मुलांचे पारपत्र पाचच वर्षे चालते हे घरी बहुधा शेवटच्या आठवड्यात लक्षात येते. ते परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावे.

कागदपत्रांत व्यापारी घरे अडखळतात ती एका जागी. दुकान भागीदारीचे वा एकत्र कुटुंबाचे, विवरणपत्र एकाच्या नावे, खर्च करणारा दुसरा. भागीदारीपत्र, जीएसटी नोंदणी, विवरणपत्रे आणि कोण कोणाचा खर्च करीत आहे हे स्पष्ट सांगणारे पत्र, असा धागा कागदांतून नीट दिसला पाहिजे. अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात एकदम मोठी रक्कम भरणे हा हुशारीचा नव्हे, संशयाचा मार्ग आहे. तीन महिन्यांचा सरळ चाललेला खातेउतारा त्याहून अधिक बोलतो.

तिकिटांचा हिशेब जमाखर्चाच्या वहीसारखाच दोन्ही बाजूंनी मांडावा. युरेल पासात चार ते अकरा वर्षांची दोन मुले प्रत्येक प्रौढामागे विनामूल्य असतात आणि चार वर्षांखालील मुलांना पासच लागत नाही. हे ऐकून पास स्वस्त वाटतो. परंतु युरोस्टार व फ्रान्सची टीजीव्ही यांत पास असूनही जागेचे आरक्षण वेगळे घ्यावे लागते, आणि पासधारकांच्या जागा मोजक्याच असतात. ज्या बेतात लांबचे प्रवास तीनच आहेत, तेथे काही महिने आधी सुटी तिकिटे काढणे बहुधा फायद्याचे ठरते. स्वित्झर्लंडचे गणित निराळे. तेथील स्विस ट्रॅव्हल पासावर आगगाडी, बस आणि सरोवरातील बोटी चालतात; सहा ते पंधरा वर्षांची मुले विनामूल्य फॅमिली कार्डावर आई-वडिलांबरोबर फुकट, सहाखालील तर फुकटच. पाच रात्री म्हणजे सहा दिवस, आणि पास नेमका सहा दिवसांचा मिळतो. पॅरिसहून बाझेलपर्यंतचे तिकीट काढावे, बाझेलला पास सुरू करावा. सहाव्या दिवशी इटलीकडे जाताना तो डोमोडोसोलापर्यंत चालतो, तेथून पुढचेच तिकीट काढायचे. ३,४५४ मीटर उंचीवरील युंगफ्राऊयोखला मात्र पासावर केवळ सवलत आहे. तीन वर्षांच्या मुलाला व आजींना एवढ्या उंचीवर न्यावे की खालच्या सरोवरात बोटीने फिरवावे, याचा विचार छायाचित्रांच्या मोहाबाहेर राहून करावा. बोट बरी.

गाडीतील दिवसांपैकी अवघड दिवस दोन. पॅरिसला गाडी उत्तरेच्या गार द्यू नोर स्थानकात येते व स्वित्झर्लंडची गाडी गार द लियोंहून सुटते, हे ठाऊक नसले की धावपळ ठरलेलीच. टीजीव्हीची दारे सुटण्याच्या दोन मिनिटे आधी बंद होतात. दुसरा दिवस इंटरलाकेन ते व्हेनिस. श्पीझ व मिलान येथे गाडी बदलायची आणि एकूण सहा तासांच्या आसपास प्रवास. पण वाटेत ३४.६ किलोमीटरचा लोएट्शबर्ग तळबोगदा व जवळजवळ २० किलोमीटरचा सिंप्लॉन बोगदा लागतो. कसारा घाटातील बोगदे मोजत आणि मागून जोर लावणारी बँकर इंजिने पाहत वाढलेल्या नाशिकच्या मुलांना हे सांगून ठेवले, तर तो दिवस कंटाळ्याचा राहत नाही. स्वित्झर्लंडच्या काही दुमजली गाड्यांत वरच्या मजल्यावर मुलांना खेळण्याचा डबाच असतो; तो फलाटावर कोठे येतो ते आधी पाहून उभे राहावे.

जेवणाचा प्रश्न वाटतो त्याहून सोपा आहे आणि एका ठिकाणी वाटतो त्याहून अवघडही. स्वयंपाकघर असलेली घरे भाड्याने मिळतात. पोळी, मूगडाळ, भात तेथे होतो. फोडणी मात्र जपून, कारण धुराने छतावरील यंत्र वाजू लागते. खाखरे, सुकी डाळ, मसाले नेता येतात. तूप, पेढे, बर्फी नेता येत नाहीत. युरोपीय संघात प्रवाशाला बाहेरचे दुग्धजन्य पदार्थ आणण्यास बंदी आहे. ताजी फळेही बहुतेक चालत नाहीत. केळी व खजूर चालतात. नाशिकची द्राक्षे कंटेनर भरभरून नेदरलँडला जातात, पण प्रवाशाच्या पिशवीतला घोस विमानतळावरच टाकावा लागतो.

बाहेर खाताना कांदा-लसूण-बटाटा यांपेक्षा न दिसणारे जिन्नस त्रास देतात. इटलीचे परमेझान चीज नियमानेच वासराच्या जठरातील द्रव्य वापरून बनते. मुलांच्या चघळायच्या गोळ्यांत जिलेटिन असते. ताज्या पास्त्यात बहुधा अंडे असते. गव्हाचा सुका पास्ता त्यामानाने निर्धोक. फ्रान्सचा पारंपरिक बगेत पीठ, पाणी, मीठ व यीस्ट यांचाच असतो. ज्यांना यीस्ट वर्ज्य आहे त्यांनी तोही सोडावा. स्वित्झर्लंडचा प्रसिद्ध रोस्टी म्हणजे निव्वळ बटाटा. इटलीत ‘सेंझा चिपोल्ला, सेंझा आल्यो, सेंझा पताते’ एवढे म्हणता आले तरी काम भागते, तरीही ते कागदावर लिहून दाखवणे अधिक खात्रीचे. नळाचे पाणी पिण्याजोगे असते. उकळलेलेच पाणी घेणाऱ्यांनी खोलीतील किटली वापरावी आणि गाळण्याचे कापड बरोबर ठेवावे.

चौविहाराबाबत तर जूनमधील युरोप आजींच्या बाजूने आहे. जूनच्या आरंभी पॅरिसला सूर्यास्त रात्री पावणेदहाच्या पुढे, इंटरलाकेनला सव्वानऊच्या सुमारास, व्हेनिसला नऊच्या आसपास. दिवसभर फिरून आठ वाजता निवांत जेवले तरी नियम पाळला जातो. इंटरलाकेनला सूर्य डोंगराआड लवकर जातो. तो खरा अस्त नव्हे, हे आजींना आधीच सांगावे. सूर्योदय साडेपाचच्या सुमारास, त्यापुढे ४८ मिनिटांनी नवकारसी, म्हणजे हॉटेलच्या सातच्या न्याहारीला अडचण नाही. हाच बेत दिवाळीच्या सुट्टीत केला तर गणित उलटते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तेथील घड्याळे तासभर मागे जातात आणि नोव्हेंबरच्या मध्यास पॅरिसमध्ये पाचच्या सुमारासच सूर्य मावळतो. पहिले दोन दिवस मुले पहाटे तीनला भुकेली उठतील, कारण आपल्याकडे तेव्हा साडेसहा वाजलेले असतात. त्यांचा खाऊ उशाशी हवा. आजींचे सामायिक त्या वेळेत शांतपणे होते.

सामानाचा नियम एकच : प्रत्येक प्रौढामागे एक पेटी, आणि एक हात मुलासाठी मोकळा. याची परीक्षा मुंबईला व्हिसाच्या भेटीस जातानाच घ्यावी. मुलांची उपस्थिती आवश्यक नसली तरी सकाळच्या पंचवटीने सर्वांनी जावे, भरलेल्या पेट्या आणि घडीची बाबागाडी घेऊन. दादरला गाडी थोडाच वेळ थांबते. पाच माणसे व तीन पेट्या तेवढ्यात फलाटावर उतरल्या तर युरोपातही उतरतील. एखादी डब्यात राहू लागली तर तीच घरी ठेवायची.