जागल्यास कायद्याचें संरक्षण

पूर्वीं आपल्या खेड्यांत जागल्या असे. गांव निजला म्हणजे त्यानें जागें राहून पहारा करावा, चोराची चाहूल लागतांच हांक मारावी, आणि त्याच्या पोटाची तजवीज गांवानें करावी, अशी रीत होती. हल्लीं हेंच नांव एका निराळ्या मनुष्यास लाभलें आहे. आपल्या कचेरींत अथवा गांवांत चाललेला गैरव्यवहार जो धैर्यानें उघडकीस आणतो, त्यास आपण जागल्या म्हणतों. जुन्या जागल्याच्या पाठीशीं सारा गांव उभा असे. या नव्या जागल्याच्या पाठीशीं कोण आहे?

हा प्रश्न दूरचा नाहीं. तळेगांव दाभाडे येथील सतीश शेट्टी जमिनींच्या व्यवहारांतील लबाडी माहितीच्या अधिकारानें बाहेर काढीत. त्यांनीं पोलिसांकडे संरक्षण मागितलें होतें. ता. १३ जानेवारी २०१० रोजीं सकाळीं ते फिरावयास गेले असतां त्यांचा खून झाला. त्याच वर्षीं मे महिन्यांत आपल्या जिल्ह्यांतील इचलकरंजीचे कार्यकर्ते दत्तात्रय पाटील यांचाही खून झाला.

सत्येंद्र दुबे या एंजिनियरची हकीकतही विचार करण्याजोगी आहे. राष्ट्रीय हमरस्त्याच्या कामांतील गैरप्रकार त्यांनीं २००२ सालीं पंतप्रधानांस पत्रानें कळविले व आपलें नांव गुप्त ठेवावें अशी विनंति केली. तें पत्र नांवासकट एका खात्यांतून दुसऱ्या खात्यांत फिरलें. ता. २७ नोव्हेंबर २००३ रोजीं गया शहरीं त्यांचा खून झाला. तो लुटारूंनीं केला असें पुढें न्यायालयांत ठरलें. तथापि विश्वासानें सांगितलेलें नांव फुटलें, हा दोष उरतोच.

या घटनेनें लोकमत खवळलें. २००४ सालीं सरकारनें अशा तक्रारी घेण्याचें काम केंद्रीय दक्षता आयोगाकडे सोंपविलें, आणि संसदेनें केलेल्या कायद्यास ता. ९ मे २०१४ रोजीं राष्ट्रपतींची संमति मिळाली. त्यांतील तीन कलमें ध्यानांत ठेवण्यासारखीं आहेत. तक्रारदाराचें नांव फोडणारास तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. जाणूनबुजून खोटी तक्रार करणारासही दोन वर्षांपर्यंत कैद आहे. म्हणजे निरपराध्याचीही काळजी घेतली आहे. तिसरें कलम पुराव्याच्या भाराविषयीं आहे. समजा, कोल्हापुरांतील एका कारकुनानें तक्रार केली व महिन्याभरांत त्याची चंदगडास बदली झाली. वरिष्ठाच्या मनांत काय होतें हें तो बिचारा कसें सिद्ध करणार? म्हणून ही बदली सूडाची नव्हे, हें कचेरीनेंच सिद्ध करावें, असें कायदा म्हणतो.

इतकें असूनही हा कायदा निरुपयोगी राहिला आहे. त्याचा अंमल कधीं सुरू व्हावा हें सरकारनें जाहीर करावयाचें असतें. ती तारीख अद्याप जाहीर झालेली नाहीं. शिवाय त्यांत केवळ सरकारी कारभाराचा विचार आहे. इंग्लंडांत १९९८ च्या कायद्यानें खासगी कारखान्यांतील नोकरासही आधार दिला आहे. तेव्हां पहिलें कर्तव्य अंमल सुरू करण्याचें, व दुसरें त्याची कक्षा वाढविण्याचें.

विद्यार्थिमित्रांनो, उद्यां आपणांपैकीं कोणी कारकून होईल, कोणी एंजिनियर, कोणी अधिकारी. कोणावर हांक मारण्याची पाळी येईल, तर कोणाच्या हातीं दुसऱ्याचें गुप्त पत्र पडेल. तें नांव जपणें हें कायद्याची वाट न पाहतां आजही आपल्या हातीं आहे.