हर्रासाचा आकडा वहीत धरताना

खामगावच्या बाजार समितीत सोयाबीनचा हर्रास पाहिलेल्या माणसाला एक गोष्ट सांगावी लागत नाही : माल तोच असला, तरी ढिगाभोवती घेणारे किती उभे आहेत यावर भाव चढतो. तोच माणूस गणेश मंडळाच्या बैठकीत बसला की मात्र हे विसरतो. शाळेच्या खोलीला 5 लाख लागणार, म्हणून लाडू आणि भेटवस्तूंच्या लिलावातून 5 लाख येणार, असं लिहून मोकळा! खोलीचा खर्च गवंडी सांगेल. लिलावाचं उत्पन्न मांडवात कोण बसलंय त्यावर ठरतं.

वस्तूच्या किमतीएवढे पैसे येतातच, हा त्याहून चिवट गैरसमज. समजा, एखाद्या सराफाने 20 हजारांची चांदीची समई दिली. एकाची तयारी 30 हजारांपर्यंत आहे, पण त्याच्यासमोरचा गडी 12 हजारांवर गप्प झाला, तर समई साडेबारा हजारांत जाते. भाव जिंकणारा ठरवत नाही, हरणारा ठरवतो. तेव्हा यादीत वस्तूपुढे किंमत लिहिण्याऐवजी ती घेऊ शकतील अशी दोन नावं लिहावीत आणि दुसरं नाव कुठवर ताणेल तेवढंच जमेला धरावं. दुसरं नाव सुचतच नसेल, तर ती वस्तू सरळ विकलेली बरी.

‘हैदराबादला लाडू 30 लाखांना गेला’ हे बैठकीत हमखास निघतं. बातमी खरी आहे. बालापूरचा (आपल्या अकोल्याकडचं बाळापूर नव्हे) लाडू 2024 मध्ये 30 लाख 1 हजाराला गेला. पण तिथला 1994 सालचा पहिला लिलाव 450 रुपयांवर मिटला होता, हे कुणी सांगत नाही.

लिलावात आणखी एक गोम आहे. एका वस्तूचे पैसे एकच जण देतो. बाकीचे भरल्या खिशाने घरी जातात. नोव्हेंबर 1933 मध्ये वर्ध्याहून सुरू झालेल्या हरिजन यात्रेत गांधीजी मिळालेल्या भेटी भर सभेत लिलावात काढत, पण स्वाक्षरी 5 रुपयांना देत आणि गोरगरिबांचे पैसेही घेत. नऊ महिन्यांत सुमारे 8 लाख जमले. आपल्याकडेही 100-200 रुपयांची पावती फाडणारा माणूस मांडवाच्या तोंडाशी बसवावा. माझ्या मते लक्ष्याचा भरवशाचा भाग म्हणजे या पावत्याच.

‘बोली लावली की करसवलत’ हेही खरं नव्हे. वस्तू घेऊन दिलेले पैसे सरसकट देणगी ठरत नाहीत. संस्थेकडे देणगीवरच्या करसवलतीची मान्यता नसेल तर बोलणंच खुंटलं. शिवाय नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणी मागण्याआधी धर्मादाय कार्यालयाची कलम 41 क खालची परवानगी लागते.

आणि पुकारलेली बोली म्हणजे वसूल झालेली रक्कम नव्हे. माईकवर आकडा सांगण्याआधी उधारी, मंडप आणि जेवणावळ वजा करून पाहावी. गवंड्याला उधारीची बोली चालत नाही.