जुन्या जीपला इलेक्ट्रिक फॅन लावायचाय? आधी गाडीचा डायनामो बघा!

आलापल्लीहून एटापल्लीमार्गे सूरजागडकडे जाणारा रस्ता. पुढे लोहखनिजाचे ट्रक, मागे लोहखनिजाचे ट्रक आणि मे महिन्याचं ऊन. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे या दिवसांत पारा 45 च्या पुढे जातो हे सगळ्यांनाच माहीत आहे. अशा रांगेत जुनी जीप दहा मिनिटं उभी राहिली की काटा लाल पट्ट्याकडे सरकायला लागतो.

गंमत म्हणजे तीच जीप मोकळ्या रस्त्यावर धावताना अजिबात तापत नाही. मग थांबल्यावरच का तापते?

कारण जुन्या महिंद्रा जीप, कमांडर किंवा अँबेसेडरचा पंखा पट्ट्यावर चालतो. इंजिन जोरात फिरलं तर पंखा जोरात, इंजिन हळू फिरलं तर पंखाही हळू. गाडी धावत असते तेव्हा समोरून आपोआप वारा मिळतो, म्हणजे पंख्याची फारशी गरजच नसते. गरज असते ती रांगेत उभं असताना, आणि नेमका तेव्हाच तो सुस्तावलेला असतो. इलेक्ट्रिक फॅन बॅटरीवर चालतो, त्यामुळे इंजिन आयडलला असलं तरी पूर्ण वेगाने हवा ओढतो. मारुती 800 सारख्या आडव्या इंजिनाच्या गाड्यांना तो कंपनीतूनच येतो.

पण गाडी चढावर किंवा वेगात असताना गरम होत असेल, तर नवीन फॅनवर पैसे घालवू नका. तिथे दोष बहुतेक वेळा रेडिएटर चोंदल्याचा, थर्मोस्टॅट अडकल्याचा, वॉटर पंपाचा किंवा रेडिएटरच्या सैल झाकणाचा असतो. या भागात तर खनिजाची लाल धूळ आणि गवताचं बी रेडिएटरच्या जाळीत घट्ट बसतं. इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेला, कमी दाबाच्या पाण्याने जाळी धुवा. कित्येक गाड्यांचा आजार इथेच संपतो. झाकण मात्र इंजिन गार झाल्याशिवाय उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं, ते थेट तोंडावर येतं.

आता फॅन. दुकानात सगळे आधी पात्यांचा आकार विचारतात. विचारायला हवं ते वेगळंच: हा किती अँपिअर खातो?

12 व्होल्टचा, 150 ते 200 वॉटचा फॅन साधारण 12 ते 16 अँपिअर घेतो. सुरू होतानाच्या क्षणी तर त्याच्या दुपटी-तिपटीने. दोन हेडलाइट 9-10 अँपिअर खातात. जुन्या अँबेसेडरवरचा डायनामो मात्र पूर्ण वेगात 22 अँपिअरच्या आसपासच देतो, आणि आयडलला जवळपास काहीच नाही! म्हणजे रांगेत फॅन फिरणार तो निव्वळ बॅटरीवर. इंजिन वाचेल, पण संध्याकाळी सेल्फ मारल्यावर नुसतं टक-टक ऐकू येईल. एटापल्लीहून रुग्णाला घेऊन गडचिरोली गाठायची तर अंतर शंभर किलोमीटरहून जास्त आहे. तिथे अशी गाडी घेऊन निघणं म्हणजे जुगारच. डायनामो असेल तर आधी अल्टरनेटर बसवा. अल्टरनेटर असला तरी तो आयडलला पूर्ण क्षमतेने देत नाही, हे धरूनच फॅन निवडा.

आकाराचं म्हणाल तर जाळीवर बसेल तेवढा मोठा एकच फॅन, इंजिनाच्या बाजूने हवा ओढणारा. पेटीवर हवेचा जो आकडा छापलेला असतो तो बहुधा मोकळ्या हवेतला असतो, रेडिएटर समोर आला की तो बराच घसरतो. म्हणून फॅनभोवतीचं आच्छादन महत्त्वाचं. ते नसेल तर फॅन फक्त स्वतःसमोरच्या गोल भागातून हवा ओढतो आणि जाळीचे कोपरे तसेच गरम राहतात. रेडिएटरच्या जाळीतून आरपार प्लास्टिकच्या पट्ट्या घालून फॅन टांगायची सोपी पद्धत बरेच जण वापरतात. खराब रस्त्यावर त्या पट्ट्या नळ्या घासून भोक पाडतात. पत्र्याच्या पट्ट्या करून फॅन रेडिएटरच्या चौकटीलाच बसवलेला बरा.

डॅशबोर्डवरच्या साध्या बटणातून थेट करंट द्यायचा नाही, बटण वितळतं. रिले, फ्यूज आणि जाड वायर हवीच. फॅन आपोआप सुरू करणारा तापमानाचा स्विच थर्मोस्टॅटपेक्षा वरचा घ्या. थर्मोस्टॅट 82 अंशांना उघडत असेल तर फॅन 92 च्या आसपास सुरू व्हावा. स्विच 80 चा घेतला तर फॅन दिवसभर थांबणारच नाही. वायरी उलट जोडल्या तर फॅन उलटा फिरतो आणि समोरून येणाऱ्या वाऱ्यालाच अडवतो. तपासायचं असेल तर फॅन चालू करून जाळीसमोर कागद धरा, तो चिकटला पाहिजे.

फॅन सुरू असल्याचा एक छोटा दिवा आणि तो हाताने बंद करायचं एक बटण मात्र जरूर ठेवा. पावसाळ्यात रपट्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालायचीच नाही. पण साचलेल्या पाण्याच्या डबक्यातून जाताना फिरती पाती पाण्याचा मारा खाऊन वाकतात आणि रेडिएटर फाडतात. पट्ट्यावरचा पंखा तेव्हा थांबवता येत नाही, इलेक्ट्रिक फॅन थांबवता येतो. पलीकडे गेल्यावर तो पुन्हा चालू करायला विसरू नका.

आणि जुना पंखा काढताना फक्त पाती काढायची, पट्टा नाही. वॉटर पंप आणि अल्टरनेटर त्याच पट्ट्यावर फिरतात. काढलेली पाती भंगारात देऊ नका, बोल्टसकट गाडीतच ठेवा. जंगलाच्या रस्त्यावर मोटर जळालीच, तर तीच पाती परत बसवून घरी येता येतं.