स्वातंत्र्यवाद म्हणजे अराजक नव्हे

इंग्रजीत ज्याला लिबर्टेरियनिझम म्हणतात, त्या स्वातंत्र्यवादी तत्त्वज्ञानाचे नाव निघताच ‘सरकारच नको म्हणणारे लोक’ असा निर्वाळा देऊन आपल्याकडील सुशिक्षितही मोकळे होतात. वस्तुस्थिती अशी आहे की, राज्यसंस्था मुळातूनच नाकारणारा एक पंथ या परंपरेत असला, तरी तिच्या अनेक प्रमुख विचारवंतांनी राज्य मोडीत काढलेले नाही, त्याच्या अखत्यारीला कुंपण घातले आहे. रॉबर्ट नोझिक यांच्या १९७४ सालच्या प्रसिद्ध ग्रंथाचा पहिला भाग तर अराजकवाद्यांना उत्तर देण्यातच खर्ची पडला असून, बळजबरी, चोरी व फसवणूक यांपासून संरक्षण आणि करारांची अंमलबजावणी एवढ्यापुरते राज्य त्यांनी न्याय्य ठरविले आहे.

प्रत्येक मनुष्य आपल्या देहाचा व श्रमाचा धनी आहे. श्रमाने किंवा राजीखुशीच्या देवघेवीने मिळविलेल्या मालमत्तेवर त्याचा हक्क आहे. आणि दुसऱ्याच्या तशाच हक्कावर आक्रमण न करता तो जे करील, त्यात कोणी दंडा उगारू नये, मग तो दंडा बहुमताचा का असेना, हे या विचाराचे मूळ असून त्याचा धागा सतराव्या शतकातील जॉन लॉकपर्यंत जातो.

ही धनिकांची वकिली आहे, हा दुसरा आणि अधिक रुजलेला गैरसमज. महाराष्ट्रात १९७२ पासून कापसाच्या एकाधिकार खरेदीची योजना अमलात आली, तेव्हा आपल्याच रानात पिकविलेला, बायकामुलांनी बोंडाबोंडातून वेचलेला कापूस सरकारी केंद्राखेरीज अन्यत्र विकणे हा वऱ्हाडातील शेतकऱ्याच्या माथी गुन्हा ठरला, आणि सीमेपलीकडे भाव चढा असला तरी कापसाची गाडी नाक्यावर अडविली जाऊ लागली. बर्न येथील आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेची नोकरी सोडून चाकणजवळच्या आंबेठाणला कोरडवाहू शेती करणाऱ्या शरद जोशींनी हाच जुलूम वेशीवर टांगला: भीक नको, घामाचे दाम मिळू द्या, आणि बाजार व तंत्रज्ञान यांची वाट अडवू नका! परवाना हाती असलेल्या बड्या कारखानदाराला सरकारी निर्बंध बहुधा सोयीचेच असतात. त्यांचा काच ज्याला परवाना मिळत नाही त्याला होतो.

स्वातंत्र्यवादी गरिबांना वाऱ्यावर सोडतात, असेही सरसकट म्हणता येत नाही. त्यांच्यापैकी अनेकांनी गुरुस्थानी मानलेल्या हायेक यांनी १९४४ सालीच किमान अन्न, वस्त्र व निवाऱ्याची हमी समाजाने द्यावी, असे लिहून ठेवले आहे. त्यांना सनातनी म्हणणेही चूक. आपण सनातनी का नाही, हे सांगणारा स्वतंत्र लेखच त्यांनी १९६० च्या ग्रंथाला जोडला.

खरा आक्षेप वेगळाच आहे आणि तो मला गंभीर वाटतो. मालमत्तेचा हक्क पवित्र खरा, पण ती मुळात बळाने बळकावलेली असेल तर? नोझिक यांनी अशा अन्यायाच्या परिमार्जनाचे तत्त्व मान्य केले, मात्र त्याची तपशीलवार रीत आखून दिली नाही. ज्या देशात पिढ्यान्‌पिढ्या जातीच्या आधाराने जमीन नाकारली गेली, तेथे हा विचार मांडणाऱ्याने याच अपुऱ्या प्रकरणापासून आरंभ केला पाहिजे.