हवाई छत्रीची मूठ



चंद्रपूर आणि गडचिरोली हा बांबूचा मुलूख. जड गाठोडें दोरीनें बांधून हातांत न्यावयाचें झालें, तर तेथेंही आपल्या शहराप्रमाणेंच दोन अडचणी येतात. दोरी बोटांत रुतते, ही पहिली. आणि गाठोडें खालीं ठेवलें कीं दोरी मलूल होऊन त्याच्या अंगाला चिकटते व पुन्हा उचलतांना नखांनीं उकरून काढावी लागते, ही दुसरी. दोहोंवर उपाय एकच. वीतभर पोकळ बांबू त्या दोरींत ओवावा. मग दोरी रुतत नाहीं, आणि मूठ उभी राहून जणूं हाताची वाट पाहते. ही युक्ति इतकी साधी आहे कीं तिला कोणी शोध म्हणणार नाहीं. परंतु हजारों फूट उंचीवरून हवाई छत्रीनें उतरणाऱ्या माणसाला नेमकी हीच युक्ति उपयोगीं पडते, असें सांगितलें तर आपणांस नवल वाटेल. आज त्याविषयींच चार शब्द सांगण्याचा विचार आहे.

हवाई छत्री म्हटली कीं डोळ्यांपुढें घुमटासारखी गोल छत्री येते. ११ डिसेंबर १९७१ रोजीं मराठा परंपरेची दुसरी पॅराशूट बटालियन पूर्व बंगालांत टांगाईलजवळ उतरली, ती अशाच गोल छत्र्यांनीं. त्या छत्रीला दिशा देण्याची सोय बेताचीच. खांद्यावरून वर गेलेले पट्टे ओढून सैनिक थोडाफार इकडेतिकडे सरकूं शकतो, एवढेंच. आज खेळ म्हणून उड्या घेणारे लोक वापरतात ती छत्री निराळी आहे. डॉमिना जाल्बर्ट नांवाच्या गृहस्थानें १९६० नंतरच्या दशकांत तिची मूळ कल्पना सिद्ध केली. ती चौकोनी असून दुहेरी कापडाची असते. पुढच्या तोंडांतून वारा आंत शिरला कीं तिचे कप्पे फुगतात आणि ती पांखराच्या पंखाप्रमाणें तरंगत पुढें जाते. खरें पाहतां ती छत्री नव्हेच; तो कापडाचा पंख आहे.

या पंखाच्या दोऱ्या खालीं चार मजबूत पट्ट्यांना येऊन मिळतात. दोन पुढचे, दोन मागचे. या पट्ट्यांना रायझर म्हणतात. मागच्या पट्ट्यांवर सुकाणूच्या मुठी असतात. उजवी मूठ ओढली कीं पंख उजवीकडे वळतो, डावी ओढली कीं डावीकडे, आणि दोन्ही ओढल्या कीं वेग मंदावतो. पुढचे पट्टे ओढले म्हणजे मात्र उलट घडतें. पंखाची पुढची कड खालीं झुकते, वेग वाढतो आणि माणूस अधिक झपाट्यानें खालीं येऊं लागतो.

असें मुद्दाम कोण करील, असा प्रश्न आपल्या मनांत येईल. कल्पना करा, धानोऱ्याच्या बाजूस सागवान आणि बांबूच्या रानावर एक मनुष्य असा तरंगत आहे. खालीं जिकडेतिकडे झाडी, आणि तिच्यामध्यें धानाची एकच मोकळी बांधी. वारा समोरून येत आहे व त्याला मागें झाडीकडे लोटीत आहे. जितका अधिक वेळ तो हवेंत राहील, तितका तो त्या बांधीपासून दूर जाईल. अशा वेळीं पुढचे पट्टे ओढले, तर वारा कापून पुढें सरकण्यास बळ मिळतें आणि हवेंत घालवावयाचा वेळही कमी होतो. सुरक्षित जमीन आणि बांबूचें बेट यांमधील अंतर त्या क्षणीं त्याच्या दोन मुठींत असतें.

आतां त्या मुठींकडे वळूं. नुसता पट्टा धरून ओढणें सोपें नाहीं, कारण त्याला माणसाच्या देहाचा भार ताणून धरीत असतो. पूर्वीचे पट्टे पावणेदोन इंच रुंद असत. आज पुष्कळ ठिकाणीं एक इंच रुंदीचे वापरतात, त्यामुळें पकडीला जागा आणखीच कमी. म्हणून पुढच्या पट्ट्यांवर हात पोंचेल अशा उंचीवर जाड विणीच्या पट्टीची एक कापडी कडी शिवलेली असते. तिच्यांत बोटें अडकवावीं आणि खालीं ओढावें, एवढी ती सोपी योजना.

परंतु कापडी कडीचा दोष त्या गांठोड्याच्या दोरीसारखाच आहे. नवी असतांना ती ताठ असते. पुढें घडींत दबून व वापरानें मऊ होऊन ती पट्ट्याला सपाट चिकटते. तिच्याकडे जाणारा हातही मोकळा नसतो. त्यांत सुकाणूची मूठ आधींच धरलेली असते, आणि ती सोडावयाची नसते. शिवाय हातमोजा असतो. चंद्रपूरच्या उन्हाळ्याचा लौकिक आपणांस ठाऊक आहेच. पण दर हजार मीटरला हवा सुमारें साडेसहा अंशांनीं थंड होत जाते. तेव्हां जमिनीवर ४६ अंश उष्मा असला तरी १३,००० फुटांवर तो २० अंशांच्या आसपास उतरतो; आणि थंडींतल्या पहांटे जमिनीवर १२ अंश असतील, तर तेथें शून्याखालीं १४. अशा हवेंत उडी घेतलेल्या माणसाचीं बोटें छत्री उघडल्यावरही कांहीं वेळ बधिर राहतात. डोळ्यांची मदत घ्यावी, तर डोळे खालच्या जमिनीवर आणि आसपास तरंगणाऱ्या सोबत्यांवर असावे लागतात. म्हणजे बधिर, मोजा घातलेल्या, आधींच कांहीं धरलेल्या हातानें न पाहतां एक चपटी पट्टी शोधावयाची!

यावरचे उपाय साधेच आहेत. कडीची पट्टी दुहेरी करून तिला ताठरपणा आणतात. किंवा तिच्यांत लवचिक नळीचा तुकडा घालतात. हाच आपला बांबू! त्यानें कडी फुगून उघडी राहते. कडीचा घेर असा ठेवतात कीं मोजा घातलेलीं चार बोटें सहज शिरावीं. पण मनगट मात्र आंत जातां कामा नये, कारण धरणें जितकें सोपें, तितकेंच तत्काळ सोडणेंही सोपें पाहिजे. कांहीं जण कडीऐवजीं पट्ट्यावर जाड ठोकळ्यासारखा उंचवटा करून घेतात. मूठ त्याच्यावर टेकते आणि घसरत नाहीं. आंखूड हाताच्या माणसासाठीं कडी जरा खालीं शिवावी लागते. रंग पट्ट्याहून निराळा असला, तर ओझरत्या नजरेलाही ती सांपडते.

मात्र येथें एक धोका आहे, आणि या विषयाचें मर्मही त्यांतच आहे. जी कडी हाताला सहज सांपडते, ती दोरीलाही सहज सांपडूं शकते. छत्री उघडतांना दोऱ्या मोठ्या वेगानें सुटत असतात. वाजवीपेक्षां मोठ्या, उघड्या कडींत एखादी दोरी अडकली तर सोईसाठीं केलेली गोष्ट संकटाचें कारण व्हावयाची. म्हणून कडी हाताएवढी मोठी असावी, हातापेक्षां मोठी नसावी. तसेंच भार वाहणाऱ्या पट्ट्याला घरच्या सुईदोऱ्यानें टांके घालणें हें धाडस नव्हे, अविचार आहे. चुकीच्या जागीं घातलेले टांके त्या विणीला दुबळें करतात. हें काम त्या विद्येच्या परवानाधारक जाणकाराकडेच सोंपवावें. कडी सुधारल्यावर आधीं जमिनीवर, टांगलेल्या पट्ट्यांत, डोळे मिटून हात घालून पाहावा. मग आकाशांत भरपूर उंचीवर सराव करावा. जमिनीजवळ पुढचे पट्टे ओढून वेग वाढविणें अतिशय धोक्याचें असतें, कारण झुकलेल्या पंखाला सांवरावयास उंची लागते. चांगली मूठ बेसावध माणसाला वांचवीत नाहीं. उलट ती त्याला अधिक लवकर संकटांत नेते.

पुण्याच्या शीतल महाजन यांनीं २००४ सालीं उत्तर ध्रुवावर आणि २००६ सालीं दक्षिण ध्रुवाकडील अंटार्क्टिकांत हवाई छत्रीनें उडी घेतली. २०११ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली, आणि २०१८ सालीं थायलंडांत नऊवारी लुगडें नेसून त्यांनीं आकाशांतून उडी घेतली. या बातम्या वाचतांना आपण साहसाचें कौतुक करतों, तें योग्यच आहे. पण ध्रुवाची थंडी असो कीं नऊवारीचा घोळ असो, प्रत्येक मूठ हाताला न पाहतां सांपडली पाहिजे, हा नियम बदलत नाहीं. म्हणूनच त्या सामानांत बिघडलेली छत्री सोडून देण्याची मूठ बहुधा उजवीकडे व मऊ उशीसारखी, तर राखीव छत्रीची डावीकडे व पुष्कळदां धातूच्या कडीची असते. नुसत्या स्पर्शानें दोहोंतला भेद कळावा, हा हेतु.

आपल्यापैकीं बहुतेकांना आकाशांतून उडी घेण्याचा योग येणार नाहीं. तथापि आगगाडींतील धोक्याची सांखळी, पाळण्याची दोरी, म्हाताऱ्या माणसासाठीं न्हाणीघरांत बसविलेला दांडा, या सर्व मुठीच आहेत. त्या बसवितांना आपण स्वस्थपणें, उजेडांत, कोरड्या हातानें धरून पाहतों आणि ठीक आहे म्हणतों. खरी परीक्षा निराळी असते. हात ओला असेल, डोळ्यांपुढें अंधार असेल, मन घाबरलेलें असेल, त्या वेळीं ती मूठ हाताला सांपडेल काय, हें पाहावें. वीतभर बांबू दोरींत ओवणाऱ्या माणसाला हें सहज कळतें. आपणही घरांतील एकेक मूठ आज डोळे मिटून धरून पाहावी, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.